हायड्रोजनेशनची बॅच मध्येच अडकते: कॅटलिस्टचा पुढचा शॉट टाकण्याआधी काय तपासावं

हायड्रोजनेशन म्हणजे कॅटलिस्टच्या (अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थाच्या) मदतीने रेणूला हायड्रोजन देणं. नायट्रो संयुगाचं अमाइन करणारी बॅच सुरुवातीला नीट हायड्रोजन खाते, आणि मग अपटेक, म्हणजे हायड्रोजनचा खप, मंदावतो किंवा थांबतो. नमुना तपासला तर नायट्रो शिल्लक असतं, नाहीतर मधलंच काहीतरी दिसतं. शिफ्टमधला ठरलेला उपाय म्हणजे कॅटलिस्टचा आणखी एक शॉट, म्हणजे जास्तीची मात्रा. बॅच कशीबशी संपते, दोन बॅचनंतर पुन्हा तेच घडतं. तारापूर, महाड, लोटे, कुरकुंभ अशा औद्योगिक वसाहतींत रंगांची, औषधांची, कीटकनाशकांची मध्यवर्ती रसायनं करणाऱ्या कुणालाही हे दुखणं नवीन नाही.

अडचण अशी की तीन अगदी वेगळे दोष बाहेरून सारखेच दिसतात. कॅटलिस्टला हायड्रोजन पोचत नसतो, कॅटलिस्टवर विष चढलेलं असतं, किंवा अभिक्रियाच मधल्या पायरीवर थबकलेली असते. जास्तीचा कॅटलिस्ट पहिल्या दोषावर जवळजवळ काहीच करत नाही, दुसऱ्यावर तात्पुरता चालतो आणि तिसऱ्यावर धोकादायक ठरू शकतो. म्हणून आधी निदान.

हिशोब कागदावर मांडा

उदाहरणाला पॅरा-नायट्रोटोल्युइनपासून पॅरा-टोल्युइडीन घेऊ. २७४ किलो म्हणजे २ किलोमोल. एका नायट्रो गटाला ३ मोल हायड्रोजन लागतो, म्हणजे ६ किलोमोल, वजनात सुमारे १२ किलो आणि आकारमानात १३४ नॉर्मल घनमीटर (० अंशांना आणि वातावरणीय दाबाला मोजलेले). सात घनमीटरचे वीस-एकवीस सिलिंडर झाले. दहा सिलिंडरच्या बँकेचं (एकत्र जोडलेल्या संचाचं) प्रेशर १ बारने उतरलं की साधारण ०.४ नॉर्मल घनमीटर हायड्रोजन गेला असं धरा. फ्लो मीटर नसला तरी दर दहा मिनिटांनी बँकेचं प्रेशर आणि रिॲक्टरचं तापमान लॉगशीटवर लिहिलं की अपटेकचा आलेख तयार होतो. आलेखाशिवाय या समस्येवर बोलणं म्हणजे अंदाजपंचे.

कॅटलिस्टचाही हिशोब याच कागदावर करा. ५ टक्के पॅलेडियम-ऑन-कार्बन (कार्बनच्या भुकटीवर बसवलेला पॅलेडियम धातू) बहुधा ५० टक्के पाण्यासकट येतो. नायट्रो मालाच्या ०.५ टक्के कोरडा कॅटलिस्ट ठरला असेल तर १.३७ किलो कोरडा, म्हणजे २.७४ किलो ओला, आणि त्यात पॅलेडियम फक्त ६८.५ ग्रॅम. नवीन लॉटची आर्द्रता ६० टक्के असेल आणि वजन जुनंच टाकलं तर धातू वीस टक्क्यांनी कमी पडतो. प्रत्येक लॉटच्या प्रमाणपत्रावरची आर्द्रता पाहून वजन नव्याने काढायला हवं. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि नेमकं तेच राहून जातं.

रेनी निकेल (सच्छिद्र निकेलच्या भुकटीचा कॅटलिस्ट) पाण्याखाली येतं, त्यामुळे गाळाचं नुसतं वजन फसवं असतं. ठराविक आकारमानाचं भांडं आधी पाण्याने काठोकाठ भरून तोला, मग निकेल आणि पाणी मिळून काठोकाठ भरून तोला. दोन वजनांतला फरक सुमारे १.१७ने गुणला की कोरड्या निकेलचं वजन मिळतं, कारण निकेलची घनता पाण्याच्या साधारण सातपट धरली जाते.

आलेख काय सांगतो

अपटेक पहिल्यापासूनच मंद आहे, रेषा सरळ आहे आणि कॅटलिस्ट वाढवूनही तिचा उतार बदलत नाही: हायड्रोजन पोचत नाही. सुरुवात जोरात, मग रेषा हळूहळू वाकत आडवी होते आणि नवा शॉट टाकल्यावर काही वेळ पुन्हा उठते: विष. सुरुवातीला अर्धा तास काहीच नाही, मग एकदम वेग: रिॲक्टरमध्ये ऑक्सिजन उरला होता किंवा कॅटलिस्टचा पृष्ठभाग ऑक्साइड झाला होता. अपटेक ९० नॉर्मल घनमीटरच्या आसपास, म्हणजे अपेक्षेच्या दोन-तृतीयांशावर अडखळतो: हायड्रॉक्सिलअमाइन साठतंय, त्याबद्दल खाली सविस्तर आहे. आणि हिशोबापेक्षा जास्त हायड्रोजन गेला, तर गळती आहे किंवा रेणूतल्या दुसऱ्या गटावरही हायड्रोजन खर्च होतोय, बहुतेकदा क्लोरीन निघतोय. गळतीचा संशय आधी, अभिक्रियेचा नंतर.

हायड्रोजन पोचत नाही तेव्हा

हायड्रोजन मेथॅनॉलमध्ये फार कमी विरघळतो. २५ अंशांना आणि १ बार दाबाला एका लिटरमध्ये सुमारे ४ मिलिमोल, पाण्यात तर ०.८ मिलिमोलच्याही खाली. म्हणजे अभिक्रिया चालू राहते ती क्षणोक्षणी विरघळणाऱ्या वायूवर. तो दर ठरतो हायड्रोजनच्या आंशिक दाबावर (मिश्र वायूतल्या एकट्या हायड्रोजनच्या दाबावर) आणि ढवळण्यावर.

आंशिक दाब इथे सगळ्यात जास्त वेळा फसवतो. नायट्रोजनने तीन वेळा पर्ज करून (दाबाने भरून आणि सोडून आतली हवा काढून) शेवटचा व्हेंट (वायू बाहेर सोडणं) वातावरणीय दाबापर्यंत मारला आणि थेट हायड्रोजन सोडला, तर रिॲक्टरच्या वरच्या जागेत जवळजवळ १ बार नायट्रोजन अडकून राहतो. ६० अंशांना मेथॅनॉलच्या वाफेचा दाब सुमारे ०.८५ बार. गेज ३ बार दाखवतो, म्हणजे निरपेक्ष दाब ४ बार. त्यातून १ आणि ०.८५ वजा केले की हायड्रोजनच्या वाट्याला जेमतेम २.१५ बार येतात. गेज बरोबर, तापमान बरोबर, कॅटलिस्ट बरोबर, आणि वेग जवळजवळ अर्धा. यावर उपाय साधा आहे: नायट्रोजन पर्जनंतर बॅच थंड असतानाच हायड्रोजनने ३ बारपर्यंत भरून व्हेंट, असं दोन-तीनदा करा आणि मग गरम करायला घ्या. सिलिंडरच्या हायड्रोजनमध्येही थोडा नायट्रोजन असतो. व्हेंट बंद ठेवून चालणाऱ्या बॅचमध्ये हायड्रोजन खपत जातो आणि नायट्रोजन साचत जातो. अपटेक मंदावला की फ्लेम अरेस्टर (ज्वाला आत येऊ न देणारं साधन) असलेल्या व्हेंट लाइनमधून एकदा सावकाश व्हेंट मारून पुन्हा प्रेशर भरा. लगेच वेग वाढला तर कॅटलिस्ट निर्दोष आहे, हे तिथल्या तिथे सिद्ध होतं.

नायट्रोजन पर्जचं गणित उलट बाजूनेही पाळा. ३ बार गेजपर्यंत भरून वातावरणीय दाबाला उतरवलं की ऑक्सिजन चौपट विरळ होतो: २१ टक्क्यांवरून ५.२५, मग १.३, मग ०.३३. दोनच पर्ज पुरेसे नाहीत. हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत पेट घेतो, त्यामुळे घाई करून इथे वेळ वाचवायचा नसतो.

आता ढवळणं. पोकळ शाफ्टच्या, वायू वरून ओढून खाली सोडणाऱ्या अजिटेटरची (ढवळणीची) छिद्रं द्रवाच्या पातळीशी जुळलेली असतात. बॅचचा आकार वाढवला आणि वरची छिद्रं बुडाली की वायू खेचला जाणंच बंद होतं. बॅच छोटी केली तर पाती उघडी पडतात. बॅच साइज बदलल्यानंतर समस्या सुरू झाली असेल तर रिॲक्टरचा ड्रॉइंग काढून ही उंची मोजा. व्हेरिएबल ड्राइव्ह असेल तर आरपीएम १० टक्क्यांनी वाढवून वीस मिनिटांचा उतार पाहा, पण मोटरच्या करंटवर आणि कूलिंगवर लक्ष ठेवून, कारण वेग वाढला की उष्णताही वाढते. एका नायट्रो गटामागे ५०० किलोज्यूलपेक्षा जास्त उष्णता सुटते. वरच्या २७४ किलोंच्या बॅचमध्ये जॅकेट निकामी असेल तर तापमान शेकडो अंश चढेल एवढी ती होते.

टोल्युइनमध्ये बॅच घेणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. प्रत्येक नायट्रोमागे २ मोल पाणी तयार होतं. ते टोल्युइनमध्ये मिसळत नाही, कार्बनवरचा कॅटलिस्ट त्या पाण्याबरोबर गोळे धरतो आणि भिंतीला, बॅफलला (रिॲक्टरच्या आतल्या उभ्या पट्ट्यांना) चिकटतो. साइट ग्लासमधून काळे थर दिसतात आणि मधला द्रव स्वच्छ होत जातो. कॅटलिस्ट मेलेला नसतो, तो कामावरच नसतो. १०-२० टक्के मेथॅनॉल किंवा आयसोप्रोपेनॉल सहद्रावक म्हणून घातलं की बहुधा सुटतं.

विष कुठून येतं

पॅलेडियम, प्लॅटिनम आणि निकेल या तिघांचं सगळ्यात मोठं विष म्हणजे मोकळी इलेक्ट्रॉन जोडी असलेलं गंधक: सल्फाइड, मरकॅप्टन, थायोफीन, थायोसल्फेट. सल्फेटमधल्या गंधकाला तशी मोकळी जोडी नसते, म्हणून मिश्र आम्लाने नायट्रेशन केलेल्या मालात थोडं सल्फेट राहिलं तरी ते तेवढं मारक नसतं. नुसत्या एकूण गंधकाचा आकडा पाहून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका, ते कोणत्या रूपात आहे ते पाहा.

किती गंधक पुरतं? ६८.५ ग्रॅम पॅलेडियम म्हणजे ०.६४ मोल. त्यातला चौथा हिस्सा पृष्ठभागावर उघडा आहे असं धरलं तर ०.१६ मोल. एका गंधकाने एक अणू झाकला तरी सुमारे ५ ग्रॅम गंधक पुरे, आणि २७४ किलोंत ५ ग्रॅम म्हणजे जेमतेम १९ पीपीएम. प्रत्यक्षात एक गंधक आजूबाजूच्या अणूंनाही निकामी करतो, त्यामुळे याहून कमीत काम बिघडतं. ९९.५ टक्के शुद्धतेचं प्रमाणपत्र याबद्दल काहीच सांगत नाही.

आधीच्या पायऱ्या तपासताना थायोनिल क्लोराइड, सोडियम डायथायोनाइट, बायसल्फाइट, सोडियम सल्फाइड आणि डायमिथिल सल्फॉक्साइड यांचा वापर कुठे झालाय ते बघा. पण पुष्कळदा विष मालातून येतच नाही. नेहमी विसरल्या जाणाऱ्या जागा अशा: मेकॅनिकल सीलचं (अजिटेटरच्या शाफ्टभोवतीच्या सीलचं) ऑइल, कारण गिअर ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगं मुद्दाम घातलेली असतात, आणि सील गळू लागलं की ते थेंबाथेंबाने बॅचमध्ये उतरतं. व्हल्कनाइज्ड रबराचे होज आणि गॅस्केट, ज्यांतून गरम द्रावक गंधक ओढून घेतो. वारंवार वापरलेलं रिकव्हर्ड मेथॅनॉल, ज्यात हलकी अमाइन्स आणि आधीच्या उत्पादनांचे अंश साठत जातात. सील पॉटची (सीलच्या ऑइलच्या भांड्याची) पातळी दर बॅचला किती उतरते हे लॉगशीटवर आणलं तर पहिली जागा लगेच पकडता येते.

हायड्रोजनमधला कार्बन मोनॉक्साइडही विषच आहे, मात्र तो तापमान वाढल्यावर पृष्ठभागावरून बराचसा सुटतो. खोलीच्या तापमानाला अडकणारी बॅच ७०-८० अंशांना सुरळीत चालत असेल आणि हायड्रोजनचा पुरवठादार नुकताच बदलला असेल, तर सिलिंडरच्या वायूचं विश्लेषण मागवा. शिसं, पारा, बिस्मथ, आर्सेनिक आणि फॉस्फीन यांचंही वाकडं आहेच. रेनी निकेलला शिवाय आम्ल चालत नाही: निकेल विरघळतं आणि द्रव हिरवट होतो. निकेल घालण्याआधी मालाचा पीएच ८ ते ९ करून घ्या.

निदान पक्कं करायला प्रयोगशाळेतल्या एक लिटरच्या ऑटोक्लेव्हमध्ये चार प्रयोग करा: प्लांटचा माल आणि पुन्हा स्फटिक केलेला शुद्ध माल, प्रत्येक एकदा प्लांटच्या कॅटलिस्टबरोबर आणि एकदा नव्या सीलबंद लॉटबरोबर. द्रावक, तापमान, प्रेशर, आरपीएम चारही वेळा तेच. दोन्ही कॅटलिस्टवर प्लांटचा माल अडकला आणि शुद्ध माल चालला, तर दोष मालात. दोन्ही माल प्लांटच्या कॅटलिस्टवर अडकले तर दोष कॅटलिस्टमध्ये. चारही प्रयोग सुरळीत झाले तर प्रयोगशाळा सोडा आणि रिॲक्टरकडे जा: ढवळणं, अडकलेला नायट्रोजन, सील ऑइल. मग पाचवा प्रयोग प्लांटच्या रिकव्हर्ड मेथॅनॉलने करा.

माल दोषी ठरला तर नायट्रोच्या द्रावणाला १-२ टक्के ॲक्टिव्हेटेड कार्बन घालून ५०-६० अंशांना तासभर ढवळा, गाळा आणि मग हायड्रोजनेशनला घ्या. कार्बन स्वतः कमी गंधकाचा असायला हवा, नाहीतर उपायच रोग होतो. यानेही भागलं नाही तर आधीच्या पायरीतलं पाण्याचं वॉश किंवा स्फटिकीकरण सुधारावं लागेल. ते खर्चिक वाटतं, पण दर बॅचला जास्तीचं पॅलेडियम जाळण्यापेक्षा स्वस्तच पडतं.

दोन-तृतीयांशावर अडकणारी बॅच

नायट्रोपासून अमाइनपर्यंत जाताना वाटेत नायट्रोसो आणि मग हायड्रॉक्सिलअमाइन लागतं. तिथवर तीनपैकी दोन मोल हायड्रोजन खर्च झालेला असतो. शेवटची पायरी मंद असेल तर हायड्रॉक्सिलअमाइन साठतं. रेणूवर इलेक्ट्रॉन ओढणारे गट असतील तर हे जास्त होतं. ही संयुगं उष्णतेने जोरात विघटित होऊ शकतात, शिवाय नायट्रोसोबरोबर जुळून ॲझॉक्सी आणि ॲझो संयुगं करतात. उत्पादनाला येणारा लालसर-नारिंगी रंग बहुतेकदा त्यांचाच.

अशा वेळी तापमान वाढवू नका, कॅटलिस्टचा मोठा शॉट टाकू नका आणि बॅच डिस्टिलेशनला तर मुळीच पाठवू नका. कूलिंग आणि ढवळणं चालू ठेवा, हायड्रोजनचं प्रेशर राखा, तापमान नेहमीच्या पातळीच्या खाली आणा आणि ताजा नमुना लगेच एचपीएलसीला (घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीला) द्या. नमुना तासभर टेबलावर राहिला तर हायड्रॉक्सिलअमाइन हवेत बदलतं आणि अहवाल खोटा येतो. प्रमाण कळल्यावर, तापमान थोडं थोडं वाढवत अभिक्रिया पूर्ण करायची.

कायमचा उपाय मात्र प्रमोटरमध्ये, म्हणजे कॅटलिस्टला जोड म्हणून दिलेल्या पदार्थात, आहे. प्लॅटिनम-ऑन-कार्बनबरोबर अल्प प्रमाणात व्हॅनेडियम दिलं, उदाहरणार्थ अमोनियम मेटाव्हॅनेडेट, तर हायड्रॉक्सिलअमाइन साठायचं जवळजवळ थांबतं. बाझेलच्या रसायन उद्योगात १९९०च्या दशकात हे तंत्र पुढे आलं. १ टक्का प्लॅटिनमबरोबर २ टक्के व्हॅनेडियम बसवलेला तयार कॅटलिस्टही मिळतो. सुट्टं व्हॅनेडेट वापरायचं तर मात्रा प्रयोगशाळेत ठरवा, आणि ते मदर लिकरमध्ये (उत्पादन गाळल्यावर उरणाऱ्या द्रवात) किती जातं व उत्पादनात किती उरतं हे औषधाच्या कामात आधीच मोजून ठेवा.

वेग वाढवणं आणि आवरणं

प्रमोटर म्हणजे फक्त वेग वाढवणारा, ही समजूत अपुरी आहे. बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीत आल्विन मिटाश यांच्या गटाने अमोनियासाठी लोखंडाचा कॅटलिस्ट शोधला तेव्हा त्यात ॲल्युमिना होतं ते लोखंडाचे कण एकत्र होऊ नयेत म्हणून, आणि पोटॅश होतं ते पृष्ठभागाची क्रिया वाढावी म्हणून. काही वेळा तर मुद्दाम विष देऊनच कॅटलिस्ट कामाचा होतो. १९१८च्या रोझेनमुंड पद्धतीत बेरियम सल्फेटवरच्या पॅलेडियमला थोडं गंधकयुक्त संयुग देतात, म्हणजे आम्ल क्लोराइड ॲल्डिहाइडवरच थांबतं. लिंडलारने १९५२मध्ये कॅल्शियम कार्बोनेटवरच्या पॅलेडियमला शिसं दिलं. क्विनोलिनबरोबर तो अल्काइनला अल्कीनवर थांबवतो.

हेच तत्त्व क्लोरोनायट्रो मालाला लावा. पॅलेडियमवर क्लोरीन निघून जातो, हायड्रोजन हिशोबापेक्षा जास्त खपतो आणि सुटलेलं क्लोराइड ३१६ स्टीलला खड्डे पाडतं. इथे पॅलेडियमची मात्रा कमी-जास्त करत बसण्यात अर्थ नाही. सल्फाइड केलेला प्लॅटिनम-ऑन-कार्बन घ्या किंवा प्लॅटिनमबरोबर थोडं मॉर्फोलिन द्या, आणि नायट्रो संपताक्षणी बॅच थंड करून हायड्रोजन काढा. क्लोरीनचं नुकसान सर्वांत जास्त होतं ते नायट्रो संपल्यानंतर बॅच गरम आणि प्रेशरखाली राहिली तर. बॅच संपली की तिला तसंच ठेवून जेवायला जाऊ नये.

नायट्राइलपासून प्राथमिक अमाइन करताना दुय्यम अमाइन वाढत असेल तर तोही बहुतेकदा कॅटलिस्ट बिघडल्याचा दोष नसतो. अमोनिया पुरेसा द्या.

पुन्हा वापर

एकच कॅटलिस्ट अनेक बॅच फिरवताना प्रत्येक बॅचला अपटेकचा सुरुवातीचा उतार लिहून ठेवा. उतार दर बॅचला थोडाथोडा घटत असेल तर राळ बसतेय किंवा बारीक भुकटी फिल्टरमधून जातेय. गरम मेथॅनॉलचं वॉश आणि दर बॅचला १०-१५ टक्के ताजी भर यावर निभावतं. उतार एका बॅचमध्ये निम्मा झाला तर त्या बॅचच्या मालात किंवा रिॲक्टरमध्ये विष होतं. अशा कॅटलिस्टमध्ये ताजी भर टाकणं म्हणजे नवा मालही वाया घालवणं, म्हणून सगळा बदला.

बॅचच्या मध्ये शॉट द्यायचाच असेल तर क्रम मोडू नका. बॅच ३० अंशांच्या खाली आणा, हायड्रोजन व्हेंट करा, नायट्रोजनचे तीन पर्ज द्या आणि पाण्यात कालवलेला कॅटलिस्ट नायट्रोजनखालच्या चार्जिंग पॉटमधून सोडा. मेथॅनॉलच्या वाफांवर मॅनहोल उघडून कोरडा किंवा अर्धवट सुकलेला कॅटलिस्ट टाकणं हे आग लागण्याचं नेहमीचं कारण आहे. नव्या बॅचला कॅटलिस्ट आधी आणि द्रावक नंतर, हाच क्रम.

वापरलेला कॅटलिस्ट नव्यापेक्षा जास्त पेटता असतो, कारण त्यावर हायड्रोजन बसलेला असतो. फिल्टरवर नायट्रोजन चालू ठेवा, केक पूर्ण ओढून कोरडा करू नका, शेवटचं वॉश पाण्याचं द्या आणि केक पाण्याखालीच ड्रममध्ये भरा. ड्रमवर लॉट क्रमांक, ओलं वजन आणि अंदाजे धातू लिहा. रिफायनरला पाठवण्याआधी साक्षी नमुना काढून ठेवला नाही तर पॅलेडियमच्या परताव्यावर वाद घालायला हातात काही उरत नाही. २०१६च्या घातक कचरा नियमांत वापरलेला कॅटलिस्ट येतो, त्यामुळे ड्रम फक्त परवानाधारक पुनर्प्राप्ती कारखान्याकडेच आणि वाहतूक मॅनिफेस्टसहच गेला पाहिजे.